नऊ नंबर

"नऊ नंबरसोबत कोण आहे?" वॉर्डच्या दारातून नर्सने विचारलं. मी बसूनच राहिले. नऊ म्हणजे बाबांची खाट, हे लक्षात यायला जरा वेळ लागला, कारण माझं मन भलतीकडेच गेलं होतं.

लहानपणी मी आणि ताई टीव्हीवर फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळायचो. त्यात खेळाडूंची नावं बदलता यायची. नऊ नंबरच्या खेळाडूला आम्ही बाबांचं नाव दिलं होतं, वसंत. तो सहा फुटी, भरघोस केसांचा; आमचे बाबा टकले, बस पकडायला चार पावलं धावले तरी धापा टाकणारे. कामावरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज माझे किती गोल?" गेममधला इंग्रज कॉमेंट्रीवाला बाकी सगळ्यांची नावं घ्यायचा, पण 'वसंत' त्याला ठाऊकच नव्हतं. बाबांनी गोल केला की तो नुसताच ओरडायचा, "नंबर नाइन!" ताई चिडायची. बाबा हसायचे. "अगं, नाव राहू दे. गोल तर माझाच ना?"

नाव गेलं तरी माणूस मैदानात असतो, असं तेव्हा खरंच वाटायचं.

"अहो, नऊ नंबर!" नर्सने पुन्हा हाक मारली. मी उठणार, एवढ्यात बाबांनी सलाईन लावलेला हात हळूच वर केला.

सकाळपासून मी "बाबा, बाबा" म्हणत होते. त्याला त्यांनी एकदाही ओ दिली नव्हती.