एका नुक्त्यासाठी थांबलेलं पुस्तक

मंगळवारी सकाळी एका मुलीचा जातीच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होते, तेव्हा यमुनाबाईंचा फोन आला. यमुनाबाई म्हणजे झुगरेसरांची सूर्यमाळची धाकटी बहीण. सरांचं दुखणं वाढल्यापासून त्या जव्हारला त्यांच्यापाशीच राहत होत्या. "दादा गेला गं," त्या म्हणाल्या. "चहा केला, हाक मारली, तं उठलाच नाय." मी अर्ज पुरा केला, मुलीच्या हातात दिला आणि मग शटर ओढलं. काम अर्धवट टाकून गेले असते तर सरांना ते आवडलं नसतं... याला आता सहा आठवडे झाले.

एसटी डेपोजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांचे पेपर, हेच माझं काम. तीन वर्षांपूर्वी सर हातात कागदांची चळत घेऊन आले आणि म्हणाले, "हे फारसी आहे. जुळणी करायचीय, आणि माझ्या डोळ्यांसमोर करायचीय." मला ही लिपी येत नाही, असं मी सांगितलं. "मलाही येत नव्हती. बत्तीस अक्षरं आहेत," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. महिनाभरात मला उजवीकडून डावीकडे टाइप करता यायला लागलं. अर्थ कळत नव्हता, पण दात्यासारख्या एकाच छोट्या रेघेला नुक्ता, म्हणजे टिंब, वर आहे की खाली, एक आहे की दोन, यावर अक्षर बदलतं, हे डोळ्यांत बसलं.

सूर्यमाळच्या पाड्यावरचा माणूस फारसीकडे कसा गेला, हे सगळेच त्यांना विचारत. शिष्यवृत्तीवर मुंबईच्या कॉलेजात गेले, तेव्हा एक भाषा निवडायची होती. "फारसीच्या वर्गात दोनच मुलं होती आणि पंखा होता," ते सांगायचे. त्या पंख्याखाली बसले ते पुढे तोच विषय शिकवून निवृत्त झाले. परत आले ते एका हस्तलिखिताच्या प्रतीचे फोटो घेऊन. विहिरी कशा खणाव्या, झरा कुठे लागेल, खणणाऱ्याचा जीव कसा राखावा, असं सांगणारा तो जुना फारसी ग्रंथ. कर्त्याचं नाव नाही. त्याच्या दोनच प्रती माहीत होत्या, एक आपल्याकडच्या ग्रंथालयात आणि दुसरी इराणात, इस्फहानला. तिथल्या निवृत्त ग्रंथपाल मेहरी खानम दर आठवड्याला आपल्या प्रतीतले पाठ सरांना कळवायच्या. दोन्ही प्रती ताडून, प्रत्येक फरक तळटीपेत नोंदवून, संपादित आवृत्ती काढायची होती. पुण्यातल्या एका लहान प्रकाशकाने ती छापायचं कबूल केलं होतं.

शेवटचं प्रकरण उरलं, एकोणीस पानं, आणि तिकडे युद्ध सुरू झालं. खानमना पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक दिसू लागली. सर रोज दुकानात येऊन मोबाइल पुढे करायचे, मी मान हलवायचे. महिना गेला. मग प्रकाशकाचा फोन आला, आहे त्या एका प्रतीवरून छापू, दुसरी प्रत युद्धामुळे पाहता आली नाही अशी टीप टाकू. मलाही ते पटलं होतं. सरांना तेव्हा दहा पावलं चालली तरी धाप लागत होती. मी म्हटलं, "सर, पुस्तक निदान तुमच्या हातात तरी येईल."

त्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली. खाली उतरलेल्या माणसाजवळचा दिवा मंद झाला तर वरच्यांनी काय करावं, याबद्दलची. त्यातल्या क्रियापदाच्या पहिल्या दात्याच्या वर आणि खाली कसरीने कागद खाल्ला होता. नुक्ता खाली असेल तर 'दोर ओढावा', वर असेल तर 'ओढू नये'.

"ओढावाच असणार ना," मी म्हणाले. "माणूस गुदमरतोय."

"मलाही तसंच वाटतं. पण मला काय वाटतं ते छापायचं नाहीय." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "माझा चुलता उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरला होता. वरून हाक मारली तर ओ देईना. सगळ्यांनी जोर लावून दोर ओढला. तो अर्ध्यावरून निसटला... मी दोरावर होतो, बारा वर्षांचा." एवढंच बोलून त्यांनी प्रकाशकाला फोन लावला आणि थांबायला सांगितलं. किती दिवस, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, "ती बाई बोलेपर्यंत."

खानम बोलल्या त्या सात आठवड्यांनी. इस्फहान सोडून त्या बहिणीच्या गावी गेल्या होत्या. हस्तलिखितं पेट्यांत भरून तळघरात हलवायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती एकोणीस पानं वहीत उतरवून घेतली होती आणि सामानात आधी ती वही ठेवली होती. लाइन दहा मिनिटांत तुटायची. सरांच्या खोलीत रेंज नव्हती, म्हणून आठ दिवस ते रोज दुपारी रिक्षाने दुकानात आले. खानम वाचायच्या, सर लिहायचे, मी दारात उभी राहून गिऱ्हाइकांना थांबवायचे.

पाचव्या दिवशी ती ओळ आली. सरांनी फारसीत विचारलं. तोवर मला दोन शब्द कळायला लागले होते, 'बाला' म्हणजे वर, 'पायीन' म्हणजे खाली. पलीकडून आवाज आला, "बाला." सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "बाला." ओढू नये. पुढचं वाक्यही खानमनी वाचलं. दोर एकदम ओढू नये, शुद्ध गेलेला माणूस फासातून सुटतो. आधी वरून पाणी ओतून कोंडलेली हवा हलवावी, मग सावकाश वर घ्यावं.

सरांनी ते नीट लिहून घेतलं. फोन तुटल्यावर बराच वेळ ते हाताच्या तळव्यांकडे बघत बसले. मी पाणी दिलं. "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग चष्मा पुसला. "टीप घाल, वैशाली. दोन्ही प्रतींची नावं घाल."

शेवटची मुद्रितं त्यांनी अंथरुणात बसून तपासली. पुस्तक आलं ते सर गेल्यानंतर अकरा दिवसांनी. मुखपृष्ठावर दोन्ही संपादकांची नावं आहेत, आणि सरांच्या सांगण्यावरून खानमचं आधी आहे. तिकडे टपाल अजून जात नाही, त्यांची प्रत मी बांधून ठेवली आहे.

गेल्या रविवारी फाइली आणायला सरांच्या खोलीवर गेले. यमुनाबाईंनी खोली झाडून घेतली होती. "त्याच्या कागदांना हात नाय लावला," त्या म्हणाल्या, "कुठलं कुठं जाईल, मला काय कळतं." टेबलावर एका अरबी ग्रंथाच्या पानांचे फोटो होते. सरांनी पुढचं काम सुरू केलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं. तिसऱ्या पानावर एका शब्दावरच्या टिंबाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. समासात लिहिलं होतं, "शाई की डाग? वैशालीला विचारणे."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. फोटो खिडकीच्या उजेडात धरला, मग मोबाइलमध्ये घेऊन मोठा करून पाहिला. कडा पसरल्या होत्या. लेखणीची कड अशी पसरत नाही. पेन्सिल तिथेच होती. मी खाली लिहिलं, "डाग," आणि चौथं पान घेतलं.