बांधावरचा चहा

फोनवर त्याचा आवाज ओळखला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो सहीचा. छत्तीस वर्षांनी माणूस उगाच फोन करत नाही. आमच्या शिरूर तालुक्यात लग्न होऊन गेलेल्या बाईशी माहेरचं कुणी अचानक गोड बोलायला लागलं, की समजायचं, हक्कसोडीचा कागद तयार आहे. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर कवठे येमाईच्या जमिनीला भावाबरोबर माझंही नाव लागलं. ते काढून टाकायला मी सही द्यावी म्हणून भाऊ तीन वर्षं मागे लागला होता. आधी स्वतः आला, मग मामाला पाठवलं, मग चुलत्याला. आता पाठवण्यासारखा एकच माणूस उरला होता.

तो माझं पहिलं प्रेम होता. पंचावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, मधे फक्त एक बांध. शेवंतीच्या तोडणीत आम्ही बांधाच्या दोन बाजूंनी एकाच वेगानं फुलं तोडत जायचो, म्हणजे सरीच्या टोकापर्यंत समोरासमोर राहता येई. त्यापलीकडे काही घडलं नाही. पण लग्न करायचं तर एकमेकांशीच, हे दोघांचंही ठरलेलं होतं.

त्या बांधावरून दोन्ही घरांत जुनं भांडण होतं. एके दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन शेतात गेले, तर आबा आणि तो बांधावर बसून चहा पीत होते. आमच्याकडे भांडण चालू असताना समोरच्याचा चहा कुणी घेत नाही. चहा घेतला, म्हणजे बोलणी मिटली. संध्याकाळी कळलं, आबांनी दोन फूट बांध त्यांना सोडला. मी लगेच ताडलं, पोरीचा नाद सोड आणि बांध घे, असं ठरलं असणार. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच आठवड्यात मामानं आधीच सांगून ठेवलेलं केडगावचं स्थळ बघायला आलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले.

नवरा चांगला होता. सहा वर्षांपूर्वी गेला. केडगावात स्टेशनाजवळ माझ्या दोन खोल्या आहेत, शिवणाची मशीन आहे, माझं भागतं.

फोनवर त्यानं सांगितलं, बायको वारली, कुरकुंभच्या कंपनीत स्टोअरला होता तिथून रिटायर झाला, आता दौंडला खोली घेऊन एकटाच राहतो. "रविवारी येऊ का?" म्हणाला. मी "ये" म्हणाले, फोन ठेवला आणि मोबाईलवर त्याचा सातबारा काढला. त्याचा गट नंबर मला पाठच होता, आमच्याला लागूनचाच तो. उताऱ्यावर त्याच्या दोन मुलांची नावं होती. त्याचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे मुलांनी बापाला घराबाहेर काढलं होतं. याला सही नको असेल, तर छप्पर हवं होतं.

रविवारी तो आला. केस गेले होते, चाल तीच होती. हातात कापडी पिशवी, तीत शेवंतीची फुलं आणि एक घडी घातलेला कागद. मला कागद आधी दिसला.

"कुठं सही करायची तेवढं दाखव," मी म्हणाले.

तो हसला आणि त्यानं कागद माझ्या हातात दिला. मी मोबाईलवर बघितलेला तोच उतारा होता.

"तुझा सोभाव मला ठावं हाय," तो म्हणाला. "पोरांना वाटंल, बाप म्हातारपणी बाई आणतोय, वाटेकरी यायची. तुला वाटंल, मी तुझ्या वाट्यावर डोळा ठिवून आलोय. म्हणून आधी समदं पोरांच्या नावावर केलं आन् मगच तुला फोन लावला. आता माझ्याकडं कायबी न्हाई. तुझं कायबी नको."

ऐकायला बरं वाटलं, म्हणूनच मी जास्त चिडले.

"आन् तो बांध? मला सोडून मिळवला होतास तो?"

"सोडून? अगं, मी आबांकडं तुला मागायला गेलो होतो. आबा म्हणले, सोयरीक करायची तर आधी भांडण मिटवू. मग चहा घेतला."

"आबा आता न्हाईत. कुणीबी कायबी सांगंल."

"व्हय," तो म्हणाला, "तेबी खरंच हाय." त्यानं चपला घातल्या. मी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला आणि आबांनी बांध का सोडला होता ते विचारलं.

"का गं अक्का, मोजणी आणतीस का काय?" भावालाही संशय आला. आम्ही एकाच आईची लेकरं.

"मोजणी न्हाई. खरं सांग."

"त्याला जावई करायचं म्हणून. आबा तुला सांगायच्या आधीच तू केडगावला व्हय म्हणलीस, आन् आबांना दिलेला बांध माघारी मागता येईना. आई जवातवा ह्यो विषय काढायची." मग लगेच, "सहीचं काय ठरलं?"

सही मिळणार नाही असं सांगून मी फोन ठेवला आणि मशीनपाशी बसून रडले. छत्तीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या, त्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं माझ्या बापाबरोबर चहा प्यायला. सोडलं होतं ते मीच त्याला.

त्याच आठवड्यात गाडीनं दौंडला गेले. त्याची एकच खोली होती, खाट, स्टोव्ह, दोरीवर दोन सदरे. मला दारात बघून तो बाजूला झाला. कट्ट्यावर दोन कप धुवून पालथे घातलेले होते. एकट्या माणसाच्या घरात दोन कप.

"दुसरा कुणाचा?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"रविवारी तुझ्याकडनं चहा न घेता निघालो," तो म्हणाला. "माझ्याकडं एकच कप होता. येताना बाजारातनं आणला. म्हणलं, चहा राहिलाय तर ती येईल."

मी तो कप उचलला आणि उलटा करून बघितला. तळाला दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं.

"ठेव आधण," मी म्हणाले.