डोळेवालीचा श्वास

खेळण्यांच्या कारखान्यात तिला सगळे डोळेवाली म्हणत. बाहुलीचे ओठ, भुवया, गालांवरची लाली कुणीही रंगवावी, डोळे मात्र तिनेच काढायचे. काड्यांवर खोचलेली लाकडी डोकी तिच्या टेबलावर आंधळी यायची आणि बघती होऊन जायची. आधी पांढरा रंग, मग काळा, आणि शेवटी त्या काळ्यात कुसळाएवढा पांढरा ठिपका. ठिपका नेमका पडला की बाहुली बघायला लागते, जरा सरकला की बिचारी जन्माची तिरळी. म्हणून डोळेवालीने नियमच घालून दिला होता की, कुंचला टेकवण्याआधी श्वास रोखायचा. तिच्या हाताखाली तयार झालेल्या बायकाही ओठ-भुवया रंगवताना तसंच करायच्या. नवखा माणूस आत आला तर त्याला वाटावं, इथे कुणी गेलंबिलं की काय.

बाई नाकावर माशी बसू देणारी नव्हती. पण अलीकडे तिचा ठिपका हलायला लागला होता. डॉक्टरांनी डोळे तपासले, हात तपासला, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. ठिपका हलायचा तो हललाच. मालक तसे भले गृहस्थ, पण त्यांनाही धंदा बघायचा होता. त्यांनी छापील डोळ्यांचे चिकट कागद मागवले आणि तिला बोलावून सरळच सांगितलं की, मोठी ऑर्डर आली आहे, ती सुरू होईपर्यंत हात सावरला तर डोळे तुमचे, नाहीतर हे कागद चिकटवू आणि तुम्हाला पॅकिंगला बसवू. दुसरी एखादी असती तर तिथेच रडली असती.

"डोळे मीच काढणार," डोळेवाली म्हणाली. "कागद परत पाठवायची तयारी ठेवा."

बोलून तर बसली, पण करायचं काय? तिची लेक त्याच कारखान्यात बाहुल्यांचे केस चिकटवायची. वाचनालयामागच्या हॉलमध्ये सकाळी चिगाँग नावाचा चिनी व्यायाम शिकवतात, हळूहळू हात हलवायचे, त्याच्याबरोबर श्वास सोडायचा, अंग आणि डोकं दोन्ही मोकळं होतं, असं ती मागेच सांगत होती. आईने तेव्हा उडवून लावलं होतं. आता मुकाट्याने चप्पल घातली. शिकवणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त झालेल्या दातांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी डोळेवाली म्हणाली, बरं झालं, एक डोळेवाली, एक दातवाली, आता नाकवाली मिळाली की चेहरा पुरा.

आठवडाभरात तिने हॉलचा ताबा घेतला. याचं कोपर वाकडं, त्याचा पाय पुढे. आपल्या टेबलावरच्या बायकाही ती घेऊन आली आणि त्यांना पहिल्या रांगेत उभं केलं. आणि तिथेच सगळं उघडं पडलं. हात चेहऱ्यासमोर आले रे आले की अख्खी रांग दगड! ओठ मिटलेले, नजर रोखलेली, श्वास बंद. मागचे लोक ढगासारखे सरकताहेत आणि पुढे या पुतळ्यांची रांग. दातवाल्या बाईंनी हसू आवरलं आणि विचारलं, "अहो, हात डोळ्यांशी आले की श्वास कुठे गहाण टाकता?"

डोळेवालीने ऐटीत सांगितलं की ही आमची कारागिरी आहे. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सगळ्यांना माकड व्हायला सांगितलं. चिगाँगमध्ये प्राण्यांचे खेळ असतात, त्यातला हा एक. डोकावायचं, इकडेतिकडे बघायचं, फळ ओरबाडायचं आणि पळायचं. डोळेवाली जागची हलली नाही. चारचौघांत माकडचाळे करायचं तिचं वय नव्हतं. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "चुकायची भीती वाटते का?"

हे तिला झोंबलं. घरी जाईपर्यंत ती धुसफुसत राहिली आणि दार लावल्यावर तिला कळलं की बाई खरं बोलल्या होत्या. तिला भीतीच वाटत होती. प्रत्येक ठिपक्याला वाटायची, आणि आताशा फार वाटायची. तिने स्वयंपाकघरात लेकीला समोर उभं केलं आणि म्हणाली, चल, हो माकड. लेकीने डोळे असे काही गरगरा फिरवले की आईला हसू आवरेना. दोघी ओट्याला धरून हसल्या. हसताना श्वास बाहेर जात होता आणि खांदे आपोआप खाली आले होते.

मग ती श्वास सोडत सोडत टाकाऊ डोक्यांवर ठिपके काढायला लागली. सुरुवातीचे बघवत नव्हते. पण ती हटली नाही. रोज सकाळी हॉलमध्ये माकड, दिवसा टेबलावर ठिपके. हळूहळू हात बसला, आणि एक गंमत झाली. एक बाहुली तिरक्या नजरेने बघायला लागली, एक हसू दाबून बसल्यासारखी, एक चक्क आगाऊ.

ऑर्डर सुरू व्हायच्या दिवशी मालक छापील कागद घेऊन टेबलाशी आले. सवयीने सगळ्या बायकांनी श्वास रोखला. डोळेवालीने ठिपक्याचा कुंचला उचलला आणि म्हणाली, "मालक, चष्मा पुसा, म्हणजे नीट दिसेल." वाक्य संपलं तेव्हा ठिपका पडलेला होता, जिथे पडायला हवा तिथेच. तिने बोलता बोलता आणखी काही डोकी रंगवली आणि त्यांच्यापुढे रांगेने ठेवली.

मालकांनी खरंच चष्मा पुसला. "एकसारखे नाहीत हे," ते म्हणाले.

"नाहीतच. तुमच्या दोन मुली तरी एकसारख्या बघतात का?"

मालकांनी एक डोकं उचललं, हातात फिरवलं, आणि त्यांना हसू फुटलं. कागदांचा गठ्ठा काखेत मारून ते परत पाठवायला निघून गेले. टेबलावर एकच गलका झाला. लेक मात्र गोंदाने माखलेली बोटं तशीच धरून आईकडे बघत उभी होती.

"आई, तू डोळा काढताना बोललीस."

"मग?"

"लहानपणी तू घरी काम आणायचीस ना, तेव्हा मी टेबलाखाली बसून राहायचे. तुझा श्वास सुटला की मगच बोलायचं. पण तोवर तू पुढचं डोकं उचललेलं असायचं."

डोळेवालीने शेजारचं स्टूल पायाने ओढलं, काडीवरचं पुढचं डोकं घेतलं आणि कुंचला रंगात बुडवला.

"बस इथे," ती म्हणाली. "काय सांगायचं राहिलं होतं ते सांग." आणि लेक बोलायला लागली तेव्हा तिने कुंचला टेकवला.