माझ्यावर राज्य कधी येणार?

समोरच्या दारातल्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा खेळावरून कुणी दहा वर्षांची मैत्री तोडतं का? तोडतं. मी तोडली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. दर शनिवारी मी त्याला डोंबिवलीहून ठाण्याला, खोपटला एका ग्रुपमध्ये न्यायचे. सहा-सात मुलं, दोन ताई आणि नुसते खेळ. लपाछपी, विषामृत, आपले नेहमीचेच. सुरुवातीला हा आउट झाला की स्वतःचं मनगट चावायचा. मी धावत आत गेले की ताई म्हणायच्या, "उचलू नका त्याला. हरणंपण शिकू दे." मग मी दाराबाहेर ओढणी तोंडात कोंबून बसायचे. पण शिकला हो! आउट झाल्यावर बाजूला बसायला शिकला, पाळीसाठी थांबायला शिकला. आणि राज्य आलं की स्वारी जाम खूश. भिंतीकडे तोंड करून, एकही आकडा न गाळता शंभरपर्यंत मोजायचा.

ताई म्हणाल्या, आता सोसायटीतल्या मुलांत सोडा. मी तडक समोरच्या बाईकडे गेले. आमच्या घराची एक चावी तिच्याकडे असायची, माझी सगळी रडारड तिने बघितलेली. तिची मोठी मुलगी म्हणजे आमच्या विंगमधल्या पोरांची पुढारी. "टेन्शनच घेऊ नकोस गं, मी बघते," ती म्हणाली. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला खालून हाका मारायला लागली! मी गॅलरीतून बघायचे. पळतोय, गाड्यांमागे लपतोय, हसतोय. ती चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी उभी राहायची. "बघ, कसा मिसळलाय!" तिचे हात धरून रडलेय मी त्या गॅलरीत.

तीन महिने गेले. एकदा जेवताना त्याने विचारलं, "आई, माझ्यावर राज्य कधी येणार?"

"येईल रे."

"मी पहिला सापडतो. रोज. पहिला सापडेल त्याच्यावर राज्य."

नियमाच्या बाबतीत माझा मुलगा कधी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी मी खालीच जाऊन बसले. तो पहिला सापडला. शोधणाऱ्या मुलाने त्याच्याकडे बघितलं आणि सरळ पुढे गेला. मी समोरच्या मोठीला जवळ बोलावलं. "अगं, राज्य ह्याच्यावर ना?"

"काकू, तो लिंबूटिंबू आहे ना," ती सहज म्हणाली. "त्याने पळायचं, लपायचं, पण त्याला मोजायचं नाही. मम्मीने पहिल्याच दिवशी सांगितलंय सगळ्यांना."

अशी तिडीक गेली डोक्यात! जिना चढून तिची बेल दाबली ती बोट न काढता.

"अगं, पोरं तयारच नव्हती," ती म्हणाली. "राज्य आल्यावर त्याने तमाशा केला असता तर? तुझ्यासाठीच केलं मी."

"तुझी धाकटी पाच वर्षांची आहे. ती राज्य घेते."

ती म्हणाली, "तिचं वेगळं आहे."

वेगळं म्हणे! तीन महिने माझ्या शेजारी उभी राहून तोंड भरून कौतुक करत होती, आणि खाली सगळं खोटं चाललंय हे तिला ठाऊक होतं. माझा चहा पीत होती वर. मी तिथल्या तिथे चावी मागून घेतली.

पुढच्या संध्याकाळी मी पोरांना दम भरला, आजपासून हा पक्का. पहिलं राज्य त्यानेच घेतलं. खांबाकडे तोंड करून शंभर मोजले आणि वळला. अगं बाई, काय शोधलं एकेकाला! इतके दिवस त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्याचं मात्र सगळ्यांकडे होतं. पंपाच्या खोलीमागे कोण जातं, जिन्याखाली कोण, सगळं पाठ. पहिली सापडली समोरची मोठीच. टाळ्या वाजवत तो तिला खांबापाशी घेऊन आला. आता राज्य तिच्यावर.

तेवढ्यात वरून, तिच्या आईच्या खिडकीतून हाक आली. "चल गं, वर ये. पुरे झालं." पोरीने वर बघितलं, ह्याच्याकडे बघितलं आणि गेली. मागोमाग बाकीचेही पांगले.

"चल बाळा, घरी," मी म्हटलं.

"राज्य तिच्यावर आहे. राज्य देऊन जातात."

"ती नाही येणार आता."

"मी थांबतो."

कसाबसा वर आणला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला, दूध प्यायला, खाली गेला आणि खांबापाशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरं आता मागच्या गेटजवळ खेळतात. हा ओरडत नाही, मनगट चावत नाही, नुसता उभा असतो. पाळीसाठी थांबायला तो चांगलंच शिकलाय.