ब्रायटनचं अफिडेविट

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आता काय सांगू, त्या पाच मिनिटांनी माझी अख्ख्या बहारीनमध्ये शोभा केली!

गुरुवार. लेकीच्या, सनाच्या शाळेला सुट्टी. दुपारी चारला आमच्या ह्यांचं विमान. इथली सलमाबादची एसीची कंपनी ह्यांना पंधरा दिवस ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवत होती, ब्रायटनला. समुद्रकाठचं गाव. ट्रेनिंग झालं तर हे सुपरवायझर, आणि सुपरवायझर झाले तरच आमचा फॅमिली व्हिसा वाढणार. नाहीतर मी आणि सना परत रत्नागिरीला!

कंपनीने गावाची माहितीपुस्तिका दिली होती. बरोबर दहाला म्हटलं, सना, वाच जरा.

"मम्मी, फर्स्ट इट वॉज ब्रिस्टेल्मेस्टुने. देन ब्राइटहेल्मस्टन. नाऊ ब्रायटन."

"एकाच गावाची तीन नावं?"

"येस. बेऑर्थेल्म नावाचा मॅन होता, त्याचं फार्म."

म्हणजे वाडीच की! पण मी सनाच्या हातातली पुस्तिका ओढून घेतली. का विचारा. माझ्या पासपोर्टात गावाच्या नावात एक अक्षर जास्त होतं, तेवढ्यावर माझा व्हिसा तीन महिने अडकला होता. इथे आले तेव्हा सना बापाला ओळखेना, बघून रडायलाच लागली. शेवटी सोडवलं कशाने? अफिडेविटने. दोन्ही नावं एकच, असं लिहून दिलं नि खलास!

इथे तर तीन नावं! ह्यांना विमानतळावरून परत धाडलं तर?

हे ऑफिसात गेलेले. सनाला घेतलं, टॅक्सी केली आणि मनामाच्या बाजारातला टायपिस्ट गाठला. मलबारी माणूस, चष्मा वर करून बघतच राहिला.

"भाभी, गाँव का अफिडेविट? आदमी का होता है."

"आप लिखो ना!"

लिहिलं त्याने. मी, अमक्यांची पत्नी, शपथेवर सांगते की वरील तिन्ही गावं एकच असून माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

"अब शिक्का मारो."

"मेरे पास तो दुकान का शिक्का है, भाभी."

"गोल है ना? मारो!"

ह्यांना सांगितलं असतं तर वाद घातला असता. म्हणून गुपचूप फायलीत सगळ्यात वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा इंग्लंडहून फोन आला.

"काय ठेवलंस गं फायलीत?"

"का? अडवलं का तुम्हाला?"

"अडवतंय कोण! विमानतळावरच्या ऑफिसर बाईने वाचलं, मग बाजूच्या चौघांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. मी मान खाली घालून उभा. शेवटी शिक्का मारत म्हणते, तुमच्या मिसेसची काही तक्रार नाही हे बरं झालं!"

एवढ्यावर भागलं असतं तर मी नशीबवान. पण त्या टायपिस्टने बाजारभर सांगितलं, ह्या भाभीने इंग्लंडचं काम केलं! आता रोज कोणीतरी दारात. काल इथल्याच सनाबिसहून एक आपा आल्या, मांडीवर कागदांची पिशवी. "बाई, इंग्लंडचं जमलं तुला, आमच्या पासपोर्टातल्या महाडचं काय अवघड?"

तेव्हा तुम्हाला सलमानियात, सनाबिसात जी कोणी भेटेल तिला एवढं सांगा: ही बाई सातवी पास आहे. आणि तिने ज्या एका गावाचं काम केलं, त्या गावाचं काही अडलंच नव्हतं.