अक्कांच्या कापसाची उशी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, यांच्याइतकी संशयी बाई सबंध खानदेशात झाली नाही, असं मी चारचौघांत रंगवून सांगतो. पण त्यांचा एक संशय पुरता खरा होता, एवढं मात्र दरवेळी गिळतो.

अक्का पारोळ्याच्या. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांची चोरी पकडली गेली ती आणि ज्यांची पकडायची राहिली ती. "बठ्ठा चोर शेतस," सगळेच चोर, हा त्यांचा निकाल. गिरणीत दळण टाकलं की त्या डब्याला पाय लावून उभ्या. गिरणीवाला एकदा म्हणाला, "अक्का, बसा ना." तर म्हणाल्या, "का? मी बसल्यावर काय करायचंय तुला?" जळगावात सराफाकडे पाटल्या मोडायला गेल्या, तेव्हा सोनं वितळेपर्यंत पापणी लवू दिली नाही. ऐनवेळी शिंक आली, तर बहिणीला म्हणाल्या, "तू पाहा, मी शिंकून घेते."

आमच्या हॉलमधली विकतची उशी त्यांनी आल्या आल्या उसवली. आत चिंध्या निघाल्या. अक्कांचा चेहरा असा उजळला, जणू घरात लग्न ठरलं! पुढच्या खेपेला स्वतःच उशी शिवायला बसल्या. शेत विकण्याआधीच्या शेवटच्या वेचणीचा कापूस त्यांनी जपून ठेवला होता, तो आणला. पिंजारी तो बदलून टाकेल म्हणून सरकी हातानं काढली, कापूस बोटांनी मोकळा केला. लग्नातल्या शालूच्या पदराचा अभ्रा, कडेला पिवळी झालर. जाताना मला बजावलं, "पाहुणे, हिच्याजवळ बसून जेवायचं नाही."

"मी काय लहान आहे का अक्का?"

पंधरा दिवसांत, घरी कोणी नसताना, शेवभाजीची वाटी मी त्या उशीवर पालथी केली. अभ्रा धुऊन निघाला, पण कापसाचा तर्रीत लाल गोळा झाला. तो कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि बाजारातून फायबर भरून, तोंड शिवून आणलं.

दिवाळीत अक्का आल्या. सगळे हॉलमध्ये बसलेले. त्यांनी उशी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"हाऊ मना कापूस नही. माझा कापूस अशा उड्या मारत नाही. कोणीतरी बदललाय."

"अगं, उशीतला कापूस कोण चोरेल?" बायको म्हणाली. सगळे हसले. अक्कांनी कात्री मागितली. मी घाबरलो आणि घाबरल्यावर माणूस जसा मोठ्यानं बोलतो तसा बोललो, "अक्का, आता स्वतःच्या हातच्या शिवणीवरही संशय? एकदा डॉक्टरला दाखवा!"

हशा वाढला. अक्कांनी कात्री खाली ठेवली आणि आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या.

त्यांच्या मुलानं माझं बोलणं खरं धरलं. धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, डोकं लख्ख आहे. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतो तो डॉक्टर," अक्का म्हणाल्या. तेव्हापासून त्या कोणावर संशय घेत नाहीत, फक्त स्वतःवर घेतात. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तरी पुटपुटतात, "मनंच चुकनं व्हई." सगळे म्हणतात, अक्का किती निवळल्या. मला ते ऐकवत नाही.

अक्का, कापूस मी बदलला होता. तुमचे हात चुकले नव्हते. एवढंच, त्याच सगळ्यांना पारोळ्याला नेऊन, त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.