हलणारा अंगठा

तमाम रयतेला ताकीद देण्यात येते की, मुडदा हलला तर कुणी हसू नये!

निजामाच्या राजवटीत मुरुम गावच्या बाजारात भेटलेला एक अनोळखी म्हातारा बोलताना पायाचा अंगठा सारखा हलवून बघायचा. तरुणपणी त्याला मण्यार चावली होती. त्या विषानं नसेतून सुटलेला हुकूम स्नायूंना पोचेना. पापण्या मिटल्या, जीभ लुळी पडली, श्वास कुणाला दिसेना. कान मात्र शाबूत. बायकोचा आकांत, तिरडीचे बांबू तोडल्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं.

“म्या आतून वरडत व्हतो, जित्ता हाय म्हून! पर व्हट हालंनात.”

शेवटच्या आंघोळीचं ऊन पाणी पडलं आणि अंगठा तेवढा हलला. पाणी घालणारा मेहुणा डाफरला, “हालू नका की दाजी, पानी सांडतंय!”